प्लॉटवरच्या ६३ घरांची नोंद

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका हजार-अकराशे वस्तीच्या गावात आशा स्वयंसेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय ती सगळी माणसं मला उद्या परत भेटणार आहेत, आणि कामंही त्यांच्याकडूनच करून घ्यायची आहेत.

साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असा निकष आहे, म्हणून अख्खं गाव माझ्याकडे. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाच्या पोराचा गोवरचा डोस राहिला, कोणत्या आजीची बीपीची गोळी संपत आली, हे मला वही न उघडता सांगता येतं. म्हणजे यायचं. मग डांबरी रस्त्याच्या पलीकडच्या पाच एकरांत ले-आउट पडला.

तिथे आधी कपाशी आणि तूर असायची. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्याच्या आधीपासूनच आमच्या भागात जमिनीचे भाव चढू लागले होते. पाच एकर म्हणजे २ लाख १७ हजार ८०० चौरस फूट. रस्ते आणि १० टक्के खुली जागा सोडली तरी हजार-बाराशे फुटांचे शंभरावर प्लॉट पडतात. दर साली बोंडअळी आणि बाजारभाव यांच्यात पिचणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशोब करून शेत विकलं तर त्याला कोण काय म्हणणार? आम्ही कोणीच काही म्हटलं नाही.

निम्मे प्लॉट नागपूरच्या लोकांनी पैसे गुंतवायला घेतले. ते रिकामेच आहेत, पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गाजर गवत असतं. उरलेल्यांवर घरं झाली. बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे, दोन-तीन शिक्षक, एक-दोन निवृत्त, काही आजूबाजूच्या खेड्यांतून पोरांच्या शाळेसाठी आलेले. गावात त्यांना ‘प्लॉटवाले’ म्हणतात. ते आपल्या भागाला ‘नगर’ म्हणतात, फाटकावर कमान पण आहे.

माझा त्यांच्याशी पहिला संबंध आला तो डासअळीमुळे. पावसाळ्यात आम्ही कंटेनर सर्व्हे करतो. घरोघरी जाऊन रांजण, ड्रम, कूलर, टायर तपासायचे, अळी दिसली तर पाणी ओतून द्यायला लावायचं. बांधकामावर स्लॅबला आणि भिंतींना पाणी मारायला सिमेंटचं टाकं असतं, आणि ते कोणीच रिकामं करत नाही. प्लॉटवर अशी टाकी पावलोपावली. बॅटरी मारली की पाण्यात वळवळणारे बारीक स्वल्पविराम दिसायचे. डेंग्यूच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं.

मी आकडे वर लिहून पाठवले. ते परत आले. "ती घरं तुझ्या यादीत नाहीत, एकूण घरांचा आकडा जुळत नाही, काढून टाक," असा निरोप. मी म्हटलं, घरं नाहीत पण अळ्या आहेत, त्या कुठे लिहू? उत्तर मिळालं नाही. रिपोर्टात आमचं गाव चांगलं दिसलं.

त्याच पावसाळ्यात तिथल्या एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली, पण कमानीपाशीच थांबली. आत रस्ता म्हणजे शेतातली काळी माती आणि तिच्यावर नावाला मुरूम. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चाक धरून ठेवते. गाडी आत फसली तर इथेच अडकून पडू, हे ड्रायव्हरदादांचं म्हणणं बरोबरच होतं. शेवटी गावातून ट्रॅक्टर बोलावला, ट्रॉलीत गादी टाकली, वरून ताडपत्री धरली आणि तिला गाडीपर्यंत आणलं. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं. तिची सासू मात्र दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आशाताई, आमी कोन्त्या गावचे आहो, थे तं सांगा एकदा. तिकडचं नाव कटलं अन् इकडं चढलंच नाई."

ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकभाऊ (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) माणूस वाईट नाही, कागदाला मात्र फार भितो. त्यांनी सांगितलं ते असं: ले-आउटचे रस्ते आणि खुली जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिलेलीच नाही. खाजगी जागेवर सरकारी निधी टाकला तर ऑडिटला आक्षेप निघतो आणि वसुली त्यांच्या अंगावर येते. दुसरं, तिथली बहुतेक घरं नमुना आठला, म्हणजे करआकारणीच्या नोंदवहीत, चढलेली नाहीत, त्यामुळे घरपट्टी येत नाही. तिसरं, निधी येतो तो २०११ च्या जनगणनेवर. पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटपात ९० टक्के भार लोकसंख्येला होता, आणि लोकसंख्या म्हणजे २०११ ची. "त्या साली तिथं पऱ्हाटी (कपाशी) होती ताई. पऱ्हाटीले निधी येत नाही."

प्लॉटवाल्यांकडे गेले तर त्यांचं उलट. दिवे नाहीत, नाली नाही, नळ नाही, मग कर कायचा भरायचा? दोघांचंही खरं, आणि दोघंही तिथेच बसून.

मला रस्ते बांधता येत नाहीत, पण माणसं मोजता येतात. मी आणि अंगणवाडी सेविका, दोघींनी मिळून प्लॉटवरच्या घरांची यादी करायला घेतली. सेविका का? तर गावात एकच अंगणवाडी. ४०० ते ८०० लोकसंख्येला एक असा निकष, गाव आधीच त्याच्या वर, आणि त्यात प्लॉटवरची पोरं यायला लागलेली. पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नाव चढवता येतं, खोली काही मोठी करता येत नाही.

यादी करणं सोपं वाटलं होतं. गावात दार वाजवावं लागत नाही, ओट्यावर बसलं की आपोआप सगळं कळतं. प्लॉटवर प्रत्येक घराला लोखंडी गेट, आत कुत्रं, आणि नवरा-बायको दोघंही कामावर. रविवारीच भेटतात. त्यात पहिला प्रश्न, "नाव कशाला पाहिजे?" कोणाला वाटलं कर लावायला आलो, कोणाला वाटलं इलेक्शनचं काही आहे, एका काकांनी तर आम्हाला विम्याच्या एजंट समजून गेटवरूनच हात जोडले. रेशनकार्ड एका गावात, मतदान दुसऱ्या गावात, आधारवर तिसराच पत्ता. एका बाईचं माहेर-सासर दोन्हीकडच्या आशांच्या वहीत नाव होतं आणि जिथे ती राहते तिथे नव्हतं. तिला लोहाच्या गोळ्या कोणीच दिल्या नव्हत्या, कारण दोघींनाही वाटलं दुसरी देत असेल.

वही भरली तेव्हा ६३ घरं, २४१ माणसं, त्यांत सहा वर्षांखालची ३४ मुलं, पाच गरोदर. मी खाली जास्तीचा एक रकाना आखला होता: पाणी कुठलं. ४१ घरी स्वतःची बोअर, बाकीचे शेजाऱ्याकडून नाहीतर टँकरने.

बोअरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण रस्त्याचं दुखणं सगळ्यांना दिसतं, हे दिसत नाही. हजार फुटांच्या प्लॉटवर पुढे बोअर आणि मागे शौचालयाचा शोषखड्डा. मधलं अंतर किती असणार? शेजाऱ्याचा खड्डा तर आपल्या बोअरला आणखीच जवळ. चिकण काळ्या मातीत पाणी जिरत नाही, पावसाळ्यात खड्डे भरून वर येतात आणि नाली नसल्याने ते पाणी रस्त्याच्या कडेला साचतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात, मी त्यातली एक. किटमधल्या एच-टू-एसच्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दिवसभर ठेवायचं, पाणी काळं पडलं तर त्यात घाण मिसळतेय. मी प्लॉटवरच्या सहा बोअरचं पाणी भरलं आणि बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या लावून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चार बाटल्या शाईसारख्या झाल्या होत्या. घरी सासूबाईंनी विचारलं, हे काय काढा करून ठेवला?

त्या चार बाटल्यांनी जे केलं ते माझ्या वहीने केलं नसतं. प्लॉटवरच्या ज्या बाया "आमच्याकडे फिल्टर आहे" म्हणून गेट उघडत नव्हत्या, त्या बाटली हातात घेऊन आपसांत बोलायला लागल्या.

पुढची पायरी ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे. आमच्याकडे ती बहुधा सह्यांपुरती होते. त्या वेळी सरपंचताईंना सांगून खरीखुरी घेतली. प्लॉटवरच्या पंधरा-वीस जणी आल्या, आणि तिथे कळलं की त्यांतल्या दोघी सोडल्या तर कोणाचंच मतदारयादीत आमच्या गावात नाव नाही. ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावचे मतदार. बाकीच्यांनी बसावं, ऐकावं, हात वर करता येत नाही. गावातल्या एका काकूंनी लगेच टोमणा मारला, "मत तिकडं अन् पानी इकडं?" टोमणा लागला, पण कामाचा होता. बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम पाहणारे, आमचे शाळेतले गुरुजीच. त्यांनी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून पत्ता बदलाचा आठ नंबरचा फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी भरला नाही. काहींना मूळ गावातलं नाव सोडवत नाही, तिथे भाऊबंदकी आहे, वाटणी व्हायची आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसांची गणपूर्ती झाली, एरवी ती रजिस्टरातच होते. पाण्याचा हिशोब मी मांडला. गावच्या टाकीवर ५०,००० लिटर असं रंगवलेलं आहे. जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. अकराशे माणसांना ६०,५०० लिटर, म्हणजे टाकी रोज सव्वा वेळा भरावी लागते. प्लॉटवरचे २४१ धरले की ७३,७५५ लिटर, जवळजवळ दीड वेळा. विहिरीवर वीज टिकते तेव्हा जेमतेम जमेल, मार्चनंतर विहीरच साथ देत नाही. आणि अजून अर्धे प्लॉट रिकामे आहेत. सभेत गलका झाला. जुन्या वस्तीतल्या लोकांचं म्हणणं, आमच्या नळाची धार बारीक करून त्यांना द्यायचं का? हा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. ते पाणी जुन्या वस्तीच्याही वाट्याचंच आहे.

तेव्हा निवृत्त तलाठीकाका उठले. आमच्याच गावचे, जन्म सातबाऱ्यांत गेलेला. म्हणाले, ले-आउटचा अकृषक आदेश, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी, कोणी वाचला का? त्याच्या अटी काय आहेत? कोणीच वाचला नव्हता. ग्रामपंचायतीच्या कपाटात तो सापडला नाही. मग माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, १५० शब्दांच्या आत, हे सगळं काकांनी सांगितलं. मुदत ३० दिवसांची, ती उलटून गेली. पहिलं अपील टाकल्यावर, वीस रुपयांचं तिकीट लावून, आदेश आणि मंजूर नकाशाची प्रत हातात आली.

तो नकाशा आम्ही ग्रामपंचायतीच्या टेबलावर पसरला, तेव्हाचं ग्रामसेवकभाऊंचं तोंड पाहण्यासारखं होतं. नकाशात मुख्य रस्ता ९ मीटरचा. जमिनीवर दोन्हीकडच्या ओट्यांनी आणि पायऱ्यांनी खाऊन तो कुठे सहा, कुठे साडेपाच. नकाशात कोपऱ्यात हिरव्या रेघांची खुली जागा, विक्रीच्या कागदावर तिथे झोपाळे आणि घसरगुंडी. जमिनीवर तिथे पत्र्याचं शेड, सिमेंटचे खांब आणि उरलेली गिट्टी. आदेशातल्या अटी स्पष्ट होत्या: रस्ते, नाल्या, विजेचे खांब ले-आउट पाडणाऱ्याने स्वखर्चाने करायचे आणि मग रस्ते व खुली जागा ग्रामपंचायतीच्या नावे करून द्यायची. म्हणजे पैसा प्लॉटच्या भावात लोकांकडून आधीच घेतलेला होता.

ले-आउटवाले भाऊ फोनवर गोड बोलायचे. "ताई, मी प्लॉट विकले, मी मोकळा झालो. आता लोकाईनं अन् पंचायतीनं पाहावं." पत्रं गेली, पोच आली, काम नाही. खरं सांगायचं तर तिथेच सगळं थांबलं असतं. पण त्याच माणसाची नाल्यापलीकडच्या दुसऱ्या जमिनीची फाईल आमच्याच ग्रामपंचायतीत ना-हरकतीसाठी आणि पाणीपुरवठ्याच्या दाखल्यासाठी आली होती. सरपंचताईंनी ती मासिक सभेत न ठेवता ग्रामसभेत ठेवली. ठराव झाला: पहिल्या ले-आउटच्या अटी पुऱ्या होऊन हस्तांतर होईपर्यंत दुसऱ्याला ना-हरकत नाही, आणि पाणी पुरवू असा दाखला तर मुळीच नाही, कारण पाणी नाहीच. सरपंचताईंना त्या काळात बरेच फोन आले. कोणाचे, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

महिनाभरात टिप्पर आले. मुख्य रस्त्यावर मुरूम, गिट्टी, रोलर, एका बाजूने सिमेंटची नाली. ओटे काढायच्या वेळी भांडणं झाली, दोन पायऱ्या अजून तशाच आहेत. खुली जागा मोकळी झाली.

पण त्या टिप्परांनी गावचा रस्ता खाल्ला. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला, डांबर ३.७५ मीटर रुंद. बैलबंडी, ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि दिवसातून दोन-चार मोठ्या गाड्या धरून केलेला. कंत्राटदाराची पाच वर्षांची देखभाल कधीच संपलेली. ले-आउट पडल्यापासून त्यावर विटा, रेती, सळाख, सिमेंट सगळं आलं, समोरून गाडी आली की टिप्पर कडेला उतरतं, कडा ढासळते. शाळेच्या वेळची बस आता गावात येत नाही, फाट्यावरूनच वळते, पोरं पायी येतात. घरं प्लॉटवर झाली आणि रस्ता तुटला तो सगळ्या गावाचा. हे कोणाकडून भरून घ्यायचं, याची अट कोणत्याच आदेशात नव्हती. आम्ही जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, निवेदन दिलं. दुरुस्ती ‘प्रस्तावित’ आहे.

घरपट्टीचं मात्र जमलं. नमुना आठला नोंद म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही, ती फक्त कर बसवायची नोंद, हे ग्रामसेवकभाऊंनी लेखी टीप मारून घेतलं आणि नोंदी सुरू केल्या. ६३ पैकी पन्नासाच्या वर घरं चढली. पहिल्या वसुलीतून कमानीपाशी आणि वळणावर दिवे लागले. पाण्याची लाईन मुख्य रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत गेली आहे, तिथे सध्या एक सार्वजनिक नळ आहे, एक दिवसाआड तासभर. ज्यांची बाटली काळी झाली होती त्यांना प्यायचं पाणी तिथूनच भरायला सांगते. भरतात, पण सगळे नाही.

माझ्या रिपोर्टात आता ती घरं आहेत. माझ्याकडची लोकसंख्या १३०० च्या वर गेली, दुसरी आशा मिळावी म्हणून अर्ज केला आहे. तोवर एकटीच.

अंगणवाडीचं अडलंय. १५० ते ४०० वस्तीला मिनी अंगणवाडी असा निकष आहे म्हणून २४१ माणसांची यादी जोडून आम्ही प्रस्ताव दिला. पर्यवेक्षिका म्हणाल्या, आता मिनीचंच रूपांतर मोठ्या अंगणवाड्यांत चाललंय, नवी मिनी कशी मागता? मग मोठीचा प्रस्ताव करा म्हणाल्या. त्याला लोकसंख्येचा दाखला लागतो, आणि दाखला मिळतो २०११ चा. आम्ही तो जोडला, त्याच्याखाली आमच्या वहीची झेरॉक्स जोडली, वर सरपंचताईंची सही घेतली. परवा फोन आला. यादी चालेल, पण वेगळ्या नमुन्यात पाहिजे, वयानुसार, आणि एक्सेलमध्ये. सेविकाताई गुरुजींकडे लॅपटॉप मागायला गेल्या आहेत.